झिपऱ्यांचा पाहुणचार

पहिली झिपरी आक्कांच्याच नजरेला पडली. दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची काच त्या रोजच्यासारखी कोरड्या फडक्याने पुसत होत्या, आणि पुसता पुसता त्यांना दगडाच्या खाचेतून एक इवलीशी तपकिरी छत्री डोकावताना दिसली. छत्री म्हणजे काय, बारीक देठ आणि देठावर चहूबाजूंनी पिंजारलेले केस. वेणी न घालता शाळेत पळालेल्या पोरीचं डोकं असतं ना, हुबेहूब तसं. आक्कांनी चष्मा चढवून बघितलं, चष्मा उतरवून बघितलं, आणि नवऱ्याला हाक मारली.

“अहो, इकडे या. टाकीला पालवी फुटलीय.”

अण्णा वर्तमानपत्रातून बाहेर आले, टाकीत डोकावले, “छान आहे” म्हणाले आणि परत वर्तमानपत्रात गेले. आयुष्यभर सगळ्याला छान आहे म्हणूनच त्यांनी संसार निभावला होता, त्यामुळे त्यांच्या मताला घरात फारसा भाव नव्हता. पण आक्कांना मत नको होतं, साक्षीदार हवा होता. टाकी आपल्या हाताखाली आली आणि तिला पालवी फुटली, हे कुणीतरी बघितलेलं असावं एवढंच.

टाकी लेकाची. लेकाला कंपनीने काही महिन्यांसाठी परगावच्या कामावर धाडलं होतं. जाताना टाकी सासऱ्यांकडे ठेवावी असा त्याचा बेत होता. सासरे, म्हणजे आक्कांचे व्याही, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्या माणसाला पाण्याला पाणी म्हणता येत नाही, द्रावण म्हणतात. घरी रिकामे, जागा मोठी, पुस्तकं ढीगभर. लेक म्हणाला, “आई, तिथे बरी राहील टाकी.”

“ज्या घरात मी तुला वाढवला,” आक्का म्हणाल्या, “त्या घरात चार मासे वाढायचे नाहीत होय रे?”

“तसं नाही गं. बरं, आत्ता राहू दे. मी आलो की बघू.”

हा ‘बघू’ आक्कांच्या घशात काट्यासारखा रुतून बसला.

खरं म्हणजे आक्कांना त्या टाकीचं काडीचं प्रेम नव्हतं. दगडधोंड्यांचा संसार नुसता, आणि त्यातले निम्मे दगड म्हणे दगड नव्हेत, जिवंत प्रवाळ. वर निळे दिवे, खाली गुरगुरणारा पंप. पण लेक संध्याकाळी कामावरून आला की त्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचा, आणि ती खुर्ची आक्कांच्या खुर्चीला लागून होती. टाकी येण्याआधी तो दारातून थेट आपल्या खोलीत जायचा आणि जेवायलाच बाहेर यायचा. टाकी आल्यापासून बसायला लागला. बोलायचा माशांशी, पण ऐकायच्या आक्का. साहेब कसा चिडका आहे, पाठ का दुखते, बढती कुणी पळवली, हे सगळं त्यांना माशांमार्फत कळायचं. टाकी व्याह्यांच्या घरी गेली तर ती खुर्चीही तिकडेच मांडली जाणार, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. आक्का शाळेत फार गेल्याही नव्हत्या.

असो. तर पालवी. ती एकाच कोपऱ्यात असल्यामुळे टाकी एका बाजूला झुकल्यासारखी दिसत होती. आक्कांनी गॅलरीतल्या कुंड्या अशाच तर भरल्या होत्या, एका फांदीच्या चार करून. त्यांनी बाह्या सरसावल्या, सुनेचा भुवया कोरायचा चिमटा आणला, झिपरीचे तुकडे केले आणि चारी कोपऱ्यांत, दगडांच्या फटी बघून, नीट खोचून दिले.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी लेकाचा फोन आला, चेहरा दिसणारा. आक्कांनी फोन टाकीसमोर धरला आणि सरकारी पाहुण्याला धरण दाखवावं तशी टाकी दाखवायला सुरुवात केली.

“थांब. आई, थांब. मागे घे. डावीकडे. ते काय आहे?”

“पालवी.”

“अगं, पालवी कसली! एप्टेशिया आहे तो! समुद्रफूल आहे, पण रानटी जातीचं. डंख मारतं, प्रवाळ जाळून टाकतं. एकाची शंभर होतात, एवढासा तुकडा पडला तरी त्यातून नवं उगवतं. त्याला हात अजिबात लावू नकोस.”

आक्कांनी फोन टाकीवरून हळूच छताकडे वळवला.

“आई? तू हात लावलास?”

“मी कशाला हात लावू?” आक्का म्हणाल्या. चिमटा लावला होता, हात नाही.

नाव तर त्यांना उच्चारता येईना. त्यांनी तिथल्या तिथे झिपरी असं बारसं केलं आणि युद्ध सुरू झालं.

पहिला सल्ला शेजारून आला. शेजारी निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची आणि त्या समोरून आल्या की मोठी माणसंसुद्धा खिशातून हात बाहेर काढायची. बाईंनी हात मागे बांधून टाकीची तपासणी केली.

“मोकळीक जास्त झाली,” त्या म्हणाल्या. “दिवे कमी करा, लाड कमी करा. आपोआप वळणावर येतील.”

दिवे कमी केले. झिपऱ्या मुळीच वळणावर आल्या नाहीत, पण एक जांभळं प्रवाळ, लेकाचं लाडकं, रुसल्यासारखं मिटून बसलं. दिवे परत लावले.

मग लेकाने फोनवर लिंबाचा उपाय सांगितला. बारीक सुईने झिपरीच्या तोंडात लिंबाचा रस टोचायचा. एका वेळी एकच, आणि थेंबभरच. अण्णांना साखरेचा आजार, त्यामुळे घरात सुया होत्या. आक्कांनी लिंबू पिळलं, गाळलं, सुईत भरलं आणि टाकीत हात घातला. सुई वीतभर लांब असतानाच झिपरी सुर्रकन आपल्या बिळात.

“बघितलंत?” आक्का अण्णांना म्हणाल्या. “काम दिसलं की आत. तुमच्या घराण्यातली दिसते.”

“छान आहे,” अण्णा म्हणाले.

टाकीवर ओणवं होऊन पाठीचा कणा गेला, बाही खाऱ्या पाण्याने कडक झाली, आणि एकही मेली हाताला लागेना. शेवटी आक्कांनी बिळातच सुई खुपसली. आता थेंबभर म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या हातावर असतं. आक्कांच्या हाताला थेंब आणि चिमूट ही मापंच ठाऊक नव्हती. त्या हाताने जन्मभर फक्त वाढलं होतं. वाटीभर रस संपला, वर अर्धं लिंबू चोथ्यासकट गेलं. नारंगी पट्ट्यांचे दोन्ही मासे कोपऱ्यात जाऊन एकमेकांना चिकटले, प्रवाळांनी एकजात तोंडं मिटली, आणि झिपऱ्या? झिपऱ्या जरा वेळाने केस मोकळे करून बाहेर आल्या.

सून बँकेतून आली ती बघतच राहिली. टाकीचं पाणी बदलेपर्यंत तिला चपला काढायचीही सवड मिळाली नाही. बादल्या वाहता वाहता ती एवढंच म्हणाली, “आई, एक थेंब म्हणाला होता तो.”

“थेंबाने आजवर कुणाचं भलं झालंय?” आक्का म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

तिसरा उपाय कोळंबीचा. लाल रेघांची एक जात असते, तिला झिपऱ्या खायला आवडतात. लेकाने बंदराच्या गावातल्या एका दुकानातून ती मागवली आणि सांगितलं, पार्सल आलं की लगेच आणायचं, पिशवीतला प्राणवायू थोडाच वेळ टिकतो. आक्का स्वतः गेल्या. असली कामं अण्णांवर सोडली की ती छान होतात आणि अपुरी राहतात.

पार्सल कचेरीच्या खिडकीत एक कारकून बसला होता. त्याच्या मागे, टेबलावर, आक्कांचं खोकं दिसत होतं.

“आत काय आहे?”

“कोळंबी.”

“खायची?”

“खायची नाही. खाणारी.”

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. “मावशी, इथे दोनच रकाने आहेत. खाद्यपदार्थ किंवा पाळीव प्राणी.”

“मग प्राणी लिही.”

“प्राणी असेल तर लस टोचल्याचा दाखला लागेल.”

“कोळंबीला?”

“नियम आहे. नाहीतर खाद्यपदार्थ लिहितो, पण मग माल शीतगृहात जाईल आणि तपासणी होऊन उद्या मिळेल.”

“उद्या ती खाद्यपदार्थच झालेली असेल रे बाबा!” आक्कांनी दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. “असं कर, तू एक कोळंबी उचल, तिचा दंड कुठला ते मला दाखव. मी स्वतः टोचून आणते. सुया आहेत घरी.”

“नियम मी केलेला नाही मावशी.”

“मग मोडायला तुझं काय जातंय?”

मागे रांग वाढली होती. रांगेतल्या एकाने आत नक्की काय आहे विचारलं. आक्कांनी पाठ न वळवता, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आत मुके जीव आहेत आणि त्यांचा श्वास संपत आलाय. त्यावर रांगेतली एक बाई हळहळली, एक गृहस्थ तावातावाने खात्याबद्दल बोलू लागले, आणि एका म्हाताऱ्याने हे कोण आजारी आहे म्हणून चौकशी केली. गलका ऐकून आतून मोठे साहेब आले. त्यांनी खोकं हलवून बघितलं, आक्कांकडे बघितलं, आणि तिसरा रकाना शोधून काढला: शोभेच्या वस्तू, फुटण्याजोग्या. आक्कांनी वस्तू न फुटता मिळाल्याची सही केली आणि खोकं कुशीत घेऊन, रिक्षा मिळेना म्हणून, उन्हातून जवळजवळ धावत घर गाठलं. सगळ्या कोळंब्या जिवंत निघाल्या. आक्का मात्र त्यांच्याहून लाल झाल्या होत्या.

कोळंब्या टाकीत गेल्या, दगडाखाली शिरल्या आणि तिथेच राहिल्या. एक दिवस गेला, आठवडा गेला. झिपऱ्यांच्या केसालाही धक्का नाही. उलट त्यांना सोबत झाल्यासारखं वाटलं की काय, वाढल्याच.

अशातच व्याही आले.

“सहज आलो विहीणबाई. इकडून चाललो होतो.”

सहज येणारा माणूस खिशात मोजायची फीत घेऊन येत नाही. चहा पुढे येईपर्यंत त्यांनी टाकीची लांबी घेतली, रुंदी घेतली, आणि उंची घेताना फितीचं दुसरं टोक अण्णांना धरायला दिलं. अण्णांनी ते धरलंसुद्धा. आक्कांनी नवऱ्याकडे असं बघितलं की फितीचं टोक आपोआप सुटलं.

“आमच्या दिवाणखान्यात खिडकीखाली बरोब्बर बसेल,” व्याही म्हणाले. “जावईबापूंशी बोलणं झालंय माझं. ते आले की हलवू. मी शेजारी आणखी एक छोटी टाकी उभी केलीय, द्रावण तयार आहे. दोन्ही जोडून…” इथे त्यांनी खिशातून भिंग काढलं, काचेला लावलं आणि दचकून मागे सरले. “अरे बापरे! ही तर वसाहत झालीय! छे छे छे. हे असलं माझ्याकडे आणता येणार नाही. एक जरी आली तरी माझ्या टाकीचा सत्यानाश. नाही, आधी स्वच्छ होऊ द्या. मगच.”

आता बाकीचं सगळं एकीकडे ठेवू. या घरात, आक्कांच्या दिवाणखान्यात, जिथे पाहुणा उठून गेला की खुर्चीचे पायसुद्धा पुसले जातात, तिथे बसून, आक्कांच्या कपातला चहा पीत, हा माणूस म्हणाला, आधी स्वच्छ होऊ द्या. त्याच्या आधीचं वाक्य आक्कांनी ऐकलंच नाही. कानात एवढे चार शब्द शिरले आणि कानाचे दरवाजे बंद झाले.

“होईल,” त्या म्हणाल्या. “अशी स्वच्छ होईल व्याहीबुवा, की तुमच्या भिंगाला काम उरणार नाही.”

सून दारात उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली आणि ओठ मिटून परत स्वयंपाकघरात गेली.

व्याह्यांची पाठ वळताच आक्कांनी लेकाला फोन लावला आणि कोळंब्यांच्या नावाने कडाकडा बोटं मोडली. लेकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आई, तू खायला किती घालतेस?”

“चिमूटभर.”

“तुझी चिमूट की माझी?”

आक्कांनी खाद्याचा डबा फोनच्या मागे सरकवला.

“अगं, त्यांची पोटं भरलेली आहेत! बिळात बसून आयतं मिळतं, मग त्या झिपऱ्या कशाला खातील? आणि झिपऱ्याही त्यावरच पोसल्या जातायत. काही दिवस सगळं बंद कर. काही म्हणजे काही घालायचं नाही. मासे मरत नाहीत तेवढ्याने.”

सांगायला सोपं होतं. या घरातल्या माणसांची तऱ्हा बघा. अण्णांना गोड बंद, तळलेलं बंद, आणि उरलेल्यात त्यांना चव नाही. सून डब्यात पालापाचोळा नेते आणि घरी आली की भूक नाही म्हणते. लेक परगावी. आक्कांनी वाढायचं कुणाला? त्या टाकीपाशी गेल्या की मासे काचेला नाकं लावायचे, आणि झिपऱ्या, हो, झिपऱ्यासुद्धा, सगळे केस पसरून तोंड वर करायच्या. नको म्हणायच्या नाहीत, पुरे म्हणायच्या नाहीत, वजनाच्या काट्यावर उभ्या राहायच्या नाहीत. आणि आता म्हणे त्यांना उपाशी ठेवा.

पण स्वच्छतेचा प्रश्न होता. आक्कांनी खाद्याचा डबा कपाटात टाकला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि घराला ताकीद दिली.

तरीही कोळंब्या ढिम्म. हलेनात, शिकार करीनात. दगडाखाली तृप्त बसलेल्या. आक्कांना संशय आला. दुपारी त्या झोपल्याचं सोंग घेऊन पडल्या आणि चाहूल लागताच उठून बाहेर आल्या. अण्णा टाकीचं झाकण उचलून उभे.

“काय चाललंय?”

“बघत होतो.”

“हाताने?”

अण्णांच्या मुठीत बिस्किटाचा चुरा होता. डॉक्टरांनी बंद केलेलं बिस्किट. स्वतः खायला बंदी, निदान कुणीतरी खावं म्हणून तो माणूस रोज ते माशांना घालत होता. आक्कांनी घर डोक्यावर घेतलं. तेवढ्यात सून आली. सगळं ऐकल्यावर तिने पर्स खाली ठेवली आणि खाली मान घालून म्हणाली, “आई, मी पण माझ्या डब्यातलं थोडंसं… सकाळी निघताना. एवढ्या आशेने बघतात हो ते.”

“तू पण? शिकलेली ना तू?”

“आणि आई,” सून हळूच म्हणाली, “किल्ली तुमच्याकडे आहे. मग डब्यातलं खाद्य कसं कमी होतंय?”

पंप तेवढा गुरगुरत होता.

“मी घातलं ते वेगळं,” आक्का म्हणाल्या. “मी बेतानं घालत होते.”

शेवटी खाद्याचा डबा, बिस्किटं आणि टाकीच्या झाकणाला नव्याने बांधलेल्या साखळीच्या कुलपाची किल्ली शेजारच्या बाईंच्या ताब्यात गेली. बाईंच्या शाळेत सहसा कुणी पास होत नसे, त्यामुळे तिथे दयामाया होण्याची भीती नव्हती. आक्कांनी संध्याकाळी एकदा, सहज म्हणून, किल्ली मागून बघितली. “कारण?” बाई म्हणाल्या. आक्का परत आल्या.

मग वेगळीच पंचाईत झाली. घरात जीव उपाशी असताना आक्कांच्या घशाखाली घास उतरेना. ताट पुढे घ्यायच्या, टाकीकडे बघायच्या, मासे काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघायचे, ताट बाजूला. चहावर दिवस काढू लागल्या. अण्णा दोनदा जेव म्हणाले आणि बोलणी खाऊन गप्प बसले. सून मात्र ताट घेऊन समोर येऊन बसली.

“तुम्ही जेवत नाही तोवर मीही जेवणार नाही.”

“तू तशीही कुठे जेवतेस? पालापाचोळा चघळतेस.”

“आज पालापाचोळा नाही. तुम्ही केलेलं सगळं वाढून घेतलंय. बघा.”

आक्कांनी बघितलं. खरंच ताट भरलेलं होतं. सून घास हातात धरून थांबली होती. लग्न होऊन आल्यापासून या बाईने आपल्या हातचं एवढं वाढून घेतलेलं आक्कांना आठवेना.

“खा मग,” त्या म्हणाल्या. “गार होतंय.”

“आधी तुम्ही.”

तेवढ्यात टाकीकडे लक्ष असलेले अण्णा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते छान आहे असं म्हणाले नाहीत. “अगं, खातेय! कोळंबी खातेय!” तिघं ताट तसंच टाकून टाकीकडे धावले. एक लाल रेघांची कोळंबी दगडाखालून बाहेर आली होती आणि झिपरीचे केस धरून तिला बिळातून खेचत होती. आक्कांनी तिला जोर लावायला सांगितलं. “ओढ! सोडू नकोस! बुडापासून!” भिंतीपलीकडून बाईंनी दोनदा ठोकलं. ती झिपरी गेली. मागून दुसरी गेली. त्या दुपारी घरातल्या प्रत्येकाने पोटभर खाल्लं, टाकीतल्यांनीही.

मग झिपऱ्या झपाट्याने नाहीशा झाल्या. एकच चिवट निघाली, एका लिंबाएवढ्या दगडाच्या भोकात, जिथे कोळंबीची मान शिरत नव्हती. आक्कांनी बाईंकडून किल्ली सोडवून आणली, तो दगडच बाहेर काढला आणि उकळतं पाणी ओतावं म्हणून टाकीतल्या पाण्यासकट काचेच्या बरणीत ठेवला. शेगडीवर पाणी उकळायला लागलं. तेवढ्यात बरणीत त्या मेलीने केस उघडले. अगदी सावकाश, एकेक करून, आणि तोंड वर करून बसली.

आक्का पातेलं हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी त्या पाण्याचा चहा केला. बरणी डब्यांच्या मागे सरकवली. बाईंनी खाद्याचा डबा परत केला होताच. रोज एक कण बरणीत. टाकी स्वच्छ झाली होती, बरणीतली ही काही टाकीत नव्हती.

लेक परत आला. दाराशी बॅग टाकली, बूटही न काढता टाकीसमोर जाऊन उभा राहिला. जांभळं प्रवाळ पुन्हा उमललं होतं. त्याने मागून बघितलं, वरून बघितलं, खाली वाकून बघितलं. “आई, एकही नाही! कमाल केलीस तू!” मग त्याने खुर्ची ओढली, बसला, आणि माशांना परगावच्या साहेबाबद्दल सांगायला लागला. आक्का शेजारच्या खुर्चीत निवडायचं ताट घेऊन ऐकत होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी तीच शेंग कितीतरी वेळा सोलली.

दुसऱ्या दिवशी व्याही आले. बरोबर फीत, बरोबर भिंग, आणि खाली रस्त्यावर टेम्पो आणि दोन हमाल.

“ऐकलं, स्वच्छ झाली म्हणून,” ते म्हणाले. “विहीणबाई, अभिनंदन. आता न्यायला हरकत नाही.”

आणि तेव्हा कुठे, इतक्या दिवसांनी, त्या दिवशीचं न ऐकलेलं वाक्य आक्कांच्या कानात शिरलं. हे असलं माझ्याकडे आणता येणार नाही. म्हणजे झिपऱ्या होत्या तोवर टाकी या घरातून हलणार नव्हती. आपण लिंबं पिळली, कचेरीत भांडलो, घर उपाशी ठेवलं, आणि स्वतःच्या हातांनी वाट झाडून, पुसून, या माणसाला मोकळी करून दिली. आक्कांना बसावंसं वाटलं. बसल्या. मग लक्षात आलं की आपण लेकाच्या खुर्चीत बसलोय.

“आई, चालेल ना?” लेक म्हणाला. “तुलाच त्रास कमी. आम्ही दोघं रविवारी तिकडे जाऊच बघायला. तूही येत जा.”

येत जा! आक्का उठल्या. “चहा टाकते,” त्या म्हणाल्या. “टेम्पोवाल्याला सांग, घाई नाही. गॅलरीतून वाकून सांग, इथून ऐकू जायचं नाही. व्याहीबुवा, तुम्हीही जा, तुमचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा म्हणे.”

दोघं गॅलरीत गेले. अण्णा वर्तमानपत्रात होते, म्हणजे घरात नव्हतेच. आक्का स्वयंपाकघरात गेल्या, डब्यांच्या मागून बरणी काढली. झिपरी चांगली बाळसं धरून बसली होती. आक्कांनी बाही सरसावलीसुद्धा नाही. टाकीचं झाकण उचललं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि दगड मागच्या बाजूला, पण भिंगाला सापडेल इतपत पुढे, नीट खोचून दिला. गॅलरीत व्याही टेम्पोवाल्याला टाकीचं वजन समजावून सांगत होते. चहा उतू गेला. जाऊ दे.

चहा पिऊन झाल्यावर व्याह्यांनी शेवटचं म्हणून भिंग काचेला लावलं.

“हे… हे काय? जावईबापू! इकडे या! एक आहे! चांगली टपोरी आहे!”

“अगंबाई!” आक्का म्हणाल्या. “अजून आहे का? चिवट हो मेल्या. काय करायचं माणसाने?”

लेक गुडघ्यावर बसून बघत राहिला. “काल तर नव्हती. मी सगळीकडे बघितलं होतं.”

“लपतात,” आक्का म्हणाल्या. “काम दिसलं की आत.”

व्याही फीत गुंडाळत मागे सरले. छे छे, त्यांच्या नव्या टाकीत ही गेली तर झालंच. पुन्हा सगळी निर्मळ होऊ द्या, मग बघू. या खेपेला ‘बघू’ हा शब्द आक्कांना अतिशय आवडला. त्यांनी व्याह्यांना आग्रहाने दुसरा कप दिला आणि हमालांनाही खाली पाठवला.

सगळे गेल्यावर सून कप गोळा करायला आली. लेक टाकीसमोर बसला होता, झिपरीला शिव्या घालत होता आणि माशांना ऑफिसची पुढची हकीगत सांगत होता. सून आक्कांच्या जवळून गेली आणि थांबली.

“आई, तुमची बाही ओली आहे.”

“भांडी घासत होते.”

“हो का,” सून म्हणाली. तिने आक्कांची दुसरी, कोरडी बाही बघितली. मग आवाज खाली आणला. “माझ्या वडिलांकडे टाकी गेली असती तर दर रविवारी मला द्रावणावर व्याख्यान ऐकावं लागलं असतं. लहानपणभर ऐकलंय मी.” तिने कपाटातून खाद्याचा डबा काढला, झाकण उघडून आक्कांसमोर धरला. “चिमूटभरच हं.”

आक्कांनी लेकाची पाठ बघितली. मग चिमूट घेतली. स्वतःची.